दिवे घाट, शुगर ५८ आणि "फोन आलाय, तुम्ही व्हा पुढे"

"दादा, मी ३२ वर्षांची, धायरीला राहते. १७ व्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला, तेव्हापासून इन्सुलिनवर आहे. आमच्या ऑफिसच्या सायकल ग्रुपने फेब्रुवारीत पुणे-जेजुरी-पुणे राइड ठरवलीये, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, दिवे घाटातून. त्यातून टाइप १ असलेल्या गरीब घरातल्या मुलांच्या इन्सुलिन आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्ससाठी पैसे गोळा करतोय. मी एकटीने ४६ हजार जमवले. पण ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही की मला स्वतःलाच हा आजार आहे. सगळ्यांना सांगितलंय की माझ्या मैत्रिणीच्या मुलाला आहे. लग्नाआधी दोन स्थळं यामुळेच मोडली. सासूबाई चांगल्या आहेत पण त्यांचं एकच, बाहेर बोलायचं नाही. मागच्या रविवारी खडकवासल्याहून परत येताना शुगर ५८ झाली, मी 'फोन आलाय, तुम्ही व्हा पुढे' म्हणून नांदेड सिटीच्या अलीकडे फुटपाथवर बसून राहिले. आई म्हणते कशाला नसते उद्योग. नवरा काहीच बोलत नाही. मी जाऊ का? आणि अर्ध्यात सोडावी लागली तर लोकांचे पैसे परत करायचे का?"
– घाटाखालची, धायरी

घाटाखालची, तू दादा म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. जा. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि तू एक गोष्ट केलीस तर खुशाल जा. ती एक गोष्ट सायकलची नाही आणि शुगरचीही नाही.

खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला शंभर किलोमीटरचं काही वाटलं नाही, मला तो फुटपाथच दिसत राहिला. सिंहगड रोडचं ट्रॅफिक, हेल्मेट मांडीवर, हात थरथरतायत, ग्लुकोजची पुडी दाताने फाडताना अर्धी जर्सीवर सांडलेली (माझी तर दरवेळी सांडते) आणि वर पुन्हा फोन कानाला लावून बोलण्याचं नाटक, कारण ग्रुपमधलं कुणी मागे वळून बघितलं तर. शुगर ७० च्या खाली गेली की ती लो, आणि ५८ ला तुला थाप सुचली. अजून दहा-पंधराने खाली गेली असती तर थापही सुचली नसती आणि पुडी कुठल्या खिशात आहे तेही आठवलं नसतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मला २२ व्या वर्षी टाइप १ निघाला, आता ४८ चा आहे, म्हणजे २६ वर्षं सुया टोचून घेतोय. सायकल त्यातली निम्मी वर्षं तरी. आणि इतक्या वर्षांत माझी एकच गोष्ट पक्की झालीये, की शुगर लो झाली की ज्या डोक्याने निर्णय घ्यायचा ते डोकंच सगळ्यात आधी जातं, कारण मेंदू चालतो मुख्यतः ग्लुकोजवरच. पाय बराच वेळ पॅडल मारत राहतात, तोंडही चालू राहतं, आणि माणसाला वाटतं आपण एकदम ओके आहोत.

एक किस्सा सांगतो, माझ्याच मूर्खपणाचा. असाच सासवडच्या बाजूला गेलेलो, रसवंतीवर थांबलो, शुगर जरा खाली वाटत होती म्हणून उसाचा रस घेतला, ग्लास चिकट, बोटं चिकट, आणि तसंच बोट टोचून मीटरला लावलं. मीटर म्हणाला ३४२. आता अर्ध्या ग्लास रसाने पाच मिनिटांत ३४२ होत नसते हे मला झोपेतसुद्धा कळायला हवं होतं, पण शुगर लो व्हायला लागल्याने डोकं आधीच फिरलेलं, त्यामुळे मी शहाण्यासारखी ३ युनिट इन्सुलिन मारली. मीटर बोटावरच्या उसाची शुगर मोजत होता, माझी नाही! पुढे तासाभरात मी मित्राशी गिअरवरून भांडायला लागलो, म्हणजे अक्षरशः रस्त्याच्या कडेला उभं राहून, तू माझा गिअर बदललास असं त्याला ऐकवत होतो. तो काही बोलला नाही, बाटलीतलं ग्लुकोजचं पाणी पुढे केलं आणि म्हणाला भांड नंतर, आधी पी. त्याला माहीत होतं म्हणून. नसतं माहीत तर हा माणूस विचित्र आहे म्हणून तो पुढे निघून गेला असता आणि मी तिथेच आडवा झालो असतो. (तेव्हापासून बोट धुतल्याशिवाय टोचत नाही. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घेतो.)

त्यात घाटात अजून एक गंमत आहे. लोची लक्षणं कुठली? घाम, धडधड, हातपाय लटपटणं, भूक, चिडचिड. आणि दिवे घाट चढताना धडधाकट माणसाला काय होतं? घाम, धडधड, पाय लटपटणं, भूक, आणि मागून हॉर्न मारणाऱ्या ट्रकवाल्यावर चिडचिड. तर चढावर तुला तुझं कळेलच असं नाही. दुसऱ्याला कळतं. म्हणून ती एक गोष्ट म्हणजे ग्रुपला सांगणं. न सांगता जाणार असशील तर माझं उत्तर जा नाही, जाऊ नकोस असं आहे, आणि मग तुझी आई बरोबर बोलतेय.

आता सासूबाईंचं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, आपल्याकडे दोन स्थळं मोडलेल्या मुलीच्या घरात ही भीती कशी मुरते ते मी बघितलंय, माझ्या वेळी मुलगा असून मलाही एका घरातून पोहे खाऊन झाल्यावर 'कळवतो' आलंच होतं. पण बाहेर बोलायचं नाही म्हणजे कुणालाच सांगायचं नाही असं थोडीच आहे. ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावायची गरज नाही. ग्रुपलीडरला सांग, आणि एक असा जोडीदार ठरव जो राइडभर तुझ्या मागेपुढे राहील, वेगाने जायची घाई नसलेला, शक्यतो तुझ्याशी रोज बोलणारा, कारण तू विचित्र बोलायला लागलीस हे त्यालाच कळणार ना. त्या दोघांना मेसेज टाक, घुमवून फिरवून नको. असं काहीतरी: मला टाइप १ डायबेटिस आहे, राइडमध्ये शुगर लो होऊ शकते, मी गप्प झाले किंवा बरळायला लागले किंवा विनाकारण भांडायला लागले तर मला थांबवा आणि जर्सीच्या उजव्या खिशातली पावडर द्या, मी नको म्हटलं तरी द्या. बेशुद्ध पडले तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा. बस. यातलं 'नको म्हटलं तरी' आणि 'तोंडात काही घालू नका' या दोन गोष्टी त्यांच्याकडून परत म्हणवून घे, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायची आपल्या लोकांना फार हौस, ते श्वासनलिकेत जातं. आणि उजवा खिसा म्हणजे उजवाच, त्या दिवशी त्यात चावी, मोबाईल, लिपबाम काही कोंबायचं नाही.

सांगितल्यावर काय होईल तेही ऐकून ठेव. कुणीतरी म्हणेल अगं मग तू गोड कसं खातेस, कुणी कारल्याचा रस सुचवेल, कुणाचे काका मेथीने बरे झालेले असतील. त्यांना एकदाच सांग की यात माझ्याच शरीराने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकल्या, गोड खाण्याशी संबंध नाही आणि इन्सुलिन सोडून इलाज नाही, आणि विषय संपव. आणि एकजण नक्की म्हणेल की वा, तुझा फोटो पोस्टरवर टाकू, इन्स्पिरेशन! इथे ठाम नाही म्हण, तुला टाकायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण दुसऱ्याच्या हौसेपायी नको. त्या मैत्रिणीच्या मुलाचं म्हणशील तर मला त्याच्याबद्दल राग नाही, तो मुलगा म्हणजे १७ वर्षांची तूच आहेस. त्याला कधी रिटायर करायचं ते तू ठरव.

आता तयारी. हे सगळं डॉक्टरांशी बसून तुझ्या आकड्यांवर ठरवायचं, मी फक्त काय विचारायचं ते सांगतोय. पहिलं, गेल्या वर्षभरात डोळ्याचा पडदा तपासला नसेल तर आधी तो तपासून घे, पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर घाटात दम लावणं बरं नव्हे. दुसरं, सकाळच्या नाश्त्याचं इन्सुलिन. जेवणाआधी घ्यायचं ते जलद इन्सुलिन तीन-चार तास काम करत राहतं, म्हणजे हडपसरला पोहे खाऊन पूर्ण डोस घेतलास तर तो बरोबर घाटात अंगावर येणार, आणि इकडे पाय इन्सुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढत असणार, दोन्हीकडून खेच. म्हणून मोठ्या व्यायामाआधीचा तो डोस पाव ते पाऊण हिश्श्याने कमी करतात, तुझा किती ते डॉक्टर सांगतील आणि सरावात तुलाच कळेल. इन्सुलिन त्या दिवशी मांडीत घ्यायचं नाही, सायकलने मांडीतलं भराभर शोषलं जातं. पोटावर घे.

निघताना साधारण १२६ ते १८० च्या मध्ये असलेली बरी. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग थांब, मग बघ. २७० च्या वर असेल आणि कारण समजत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून रक्तात येणारे पदार्थ) तपास, ते वाढलेले असतील तर ती राइड तुझी नाही, घरी. तसंच आदल्या २४ तासांत असा लो झाला असेल ज्यात दुसऱ्याने मदत करावी लागली, तरी नाही. इथे हुशारी करायची नाही. आणि हो, निघायच्या आधी नर्व्हसपणाने किंवा एकदम जोर लावून चढ मारल्यावर शुगर वर उडी मारते, २२०-२३० बघून लगेच करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन, मारू नकोस, ती बऱ्याचदा आपसूक उतरते आणि मग तुझी ३ युनिट उतरत्या शुगरच्या पाठीवर बसतात.

खायचं काय. लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (म्हणजे साखर-पिष्ट) लागतात असं धर, मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि बाटलीत थोडं ग्लुकोज असं काहीतरी. भूक लागायची वाट बघायची नाही, मोबाईलला अलार्म लाव. पण लो झाल्यावर केळं नाही, चिक्की तर अजिबात नाही. सगळे जण कौतुकाने चिक्की पुढे करतात, आणि शेंगदाण्यातल्या तेलाने तिच्यातला गूळ रक्तात पोचायला उशीर होतो. लोला ग्लुकोज पावडर, चहाचे तीन सपाट चमचे म्हणजे १५ ग्रॅम, मग १५ मिनिटं सायकलवरून उतरून गप्प बसायचं, परत तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा १५ ग्रॅम. त्या १५ मिनिटांत लोक म्हणतील चल हळूहळू चालवत राहू. नाही. बसायचं.

आणि मिसळ. पुण्याचा सायकल ग्रुप म्हटल्यावर सासवडला मिसळ होणारच, किंबहुना निम्मे लोक त्यासाठीच येतात. तुला चालेल, पण तर्रीच्या तेलाने पाव हळूहळू चढतो, तू पावाचा हिशोब करून पूर्ण इन्सुलिन आधीच मारलंस तर इन्सुलिन आधी पोचतं आणि पाव मागून रमतगमत येतो. जाताना मिसळ टाळ, परतीला खा. नाहीतर मिसळीचा एक सराव करून बघ, मी थट्टा करत नाहीये, जेजुरीच्या आधी एका रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात मिसळ खाऊन काय होतं ते बघून घे. बोपदेव घाट मात्र लगेच नको, तो दिवे घाटापेक्षा खडा आहे, उगाच नाउमेद होशील.

तुझ्याकडे दंडाला लावायचा शुगरचा सेन्सर आहे की नाही ते पत्रात नाही. असेल तर एक लक्षात ठेव, तो रक्तातलं नाही, त्वचेखालच्या द्रवातलं मोजतो, शुगर भराभर पडत असते तेव्हा तो पाच ते पंधरा मिनिटं जुनी बातमी देत असतो. ९५ आणि खाली बाण दिसला तर ९५ धरू नकोस. सेन्सर नसेल तर दर पाऊण तासाने बोट. फेब्रुवारीतल्या पहाटे बोटं गार पडलेली असतात, रक्त येत नाही, मी दोन मिनिटं हात काखेत धरतो, बघणाऱ्याला विचित्र वाटतं पण काम होतं. इन्सुलिनचं पेन जर्सीच्या मागच्या खिशात नको, दुपारी तिथे पाठीची ऊब आणि वरून ऊन, ते ३० डिग्रीच्या आतच हवं. सपोर्टच्या गाडीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या मडक्यात ठेव, बर्फात थेट नको, गोठलं की वाया.

सगळ्यात जास्त मला परतीची काळजी आहे. चढताना लो झालीस तर सायकल आपोआप थांबते. उतरताना थांबत नाही. दिवे घाटाच्या माथ्यावर विठ्ठलाची ती मोठी मूर्ती आहे ना, तिथे सगळे फोटोला थांबतातच, तू तिथे बोट टोच. शंभराच्या खाली असेल तर पावडर घे, बस, वाट बघ, खाली मस्तानी तलाव बघ, पुन्हा टोच, आणि मगच ब्रेकवर हात. ग्रुप थांबत नसेल तर जोडीदार थांबेल, म्हणूनच तर तो आहे.

आता पैशांचं, आणि अर्ध्यात सोडण्याचं. लोकांनी तुला किलोमीटरचे पैसे दिलेले नाहीत. एका स्ट्रिपला साधारण वडापावाएवढे पैसे पडतात आणि एखाद्या लेकराला दिवसात चार-पाच लागतात, ते ४६ हजार तिकडे जाणार आहेत, तू घाटाच्या कुठल्या वळणावर होतीस याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. याच दिवे घाटातून माउलींची पालखी चढते. दिंडीमागच्या ट्रकात पाय सुजलेली एखादी आजी बसलेली असते, पुढच्या मुक्कामाला उतरून परत टाळ हातात घेते, तिला कुणी विचारतं का की आजी तुमची वारी धरायची की नाही? मी स्वतः एकदा घाटाच्या निम्म्यातून टेम्पोत बसून वर गेलोय, सायकल वर बांधलेली आणि मी ड्रायव्हरशेजारी केळं खात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत वाटत होतं. पण जेजुरीला भंडारा उधळला तो माझ्याही डोक्यावर पडलाच. तू फक्त एक कर, किती वेळा लो झालं तर गाडीत बसायचं ते आदल्या दिवशी ठरव आणि जोडीदाराला लिहून दे. माझा नियम दोनदा. त्या दिवशी, त्या वेळी ठरवायला गेलीस तर वर सांगितलेलं, तेच डोकं ठरवणार.

आईला समजवायच्या फंदात फार पडू नकोस, १५ वर्षं तिने रात्री उठून तुझ्या कपाळाला घाम आहे का बघितलंय, तिला आकड्यांनी पटणार नाही. फारच झालं तर वसीम अक्रमचं सांग, १९९७ मध्ये त्याला डायबेटिस निघाला आणि १९९९ च्या वर्ल्डकप फायनलला तोच कॅप्टन होता, २००३ चा वर्ल्डकपही खेळला, इन्सुलिन घेऊन. आणि टीम नोवो नॉर्डिस्क नावाची एक प्रोफेशनल सायकलिंग टीम आहे, तिच्यातले झाडून सगळे रायडर टाइप १ वाले. पाकिस्तानचा बॉलर बघून आई विरघळेल असं नाही, पण ट्राय करायला काय जातंय. त्यापेक्षा तिला मडकं शोधायला सांग. काम दिलं की आया जरा शांत होतात.

आणि नवरा. काहीच बोलत नाही म्हणजे विरोध आहे असं मी तरी धरत नाही, बऱ्याचदा आपण काय करायचं तेच त्याला माहीत नसतं. त्याला त्या दिवशी सपोर्टच्या गाडीत बसव, मडकं, मीटर, जादा स्ट्रिप्स, पावडरचा डबा सगळं त्याच्या ताब्यात. आणि राइडनंतरची रात्र त्याला समजावून सांग, कारण दमलेले स्नायू पुढचे चोवीस तास ग्लुकोज ओढत राहतात, दिवसभर शुगर मस्त राहते, सगळे सत्कार-बित्कार होतात, आणि खरा लो येतो तो पहाटे दोन-तीनला गाढ झोपेत. त्या रात्रीचं बेसल (दिवस-रात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन) किती घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेव, झोपताना काहीतरी खाऊन झोप, दूध-पोळी चालेल, आणि पहाटे ३ चा अलार्म लाव. त्याच्या फोनवर. तो वाजला की उठून त्याने तुझं बोट टोचायचं, तू झोप.